नोएसक्यूएल: वाचलेला खर्च कुठे गेला?

२००४ च्या नाताळात, खरेदी ऐन भरात असताना, ॲमेझॉनचे डेटाबेस अनेकदा कोलमडले. त्यानंतर कंपनीने आपण डेटाबेसकडून नेमकं काय काम करून घेतो, याचा हिशेब मांडला. सुमारे ७० टक्के वेळा नोंदीची ओळख सांगणारी एक किल्ली देऊन टेबलातली एकच ओळ मागितली जात होती. आणखी २० टक्के वेळा ओळी अनेक, पण टेबल एकच. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांमध्ये ठेवण्याच्या, पद्धतीचं खरं बळ टेबलं एकमेकांशी जोडण्यात आहे, आणि ते बळ इथे जेमतेमच वापरलं जात होतं. पैसे मात्र पूर्ण मोजले जात होते.

यातून ‘डायनॅमो’ हा रिलेशनल नसलेला, पुढे ‘नोएसक्यूएल’ म्हटल्या गेलेल्या प्रकारातला डेटाबेस उभा राहिला. त्यावरचा शोधनिबंध २००७ मध्ये आला. ग्राहकाने टोपलीत टाकलेली वस्तू काहीही झालं तरी नाकारायची नाही, ही त्यातली अट. एकाच टोपलीच्या दोन प्रती दोन सर्व्हरवर वेगवेगळ्या झाल्या, तर दोन्ही एकत्र करायच्या. त्यामुळे कधीकधी काढून टाकलेली वस्तू पुन्हा टोपलीत येऊन बसे. हे त्या निबंधातच मोकळेपणाने लिहिलं आहे. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी २००० मध्येच सांगितलं होतं, की सर्व्हरमधला संपर्क तुटला की अचूकता किंवा अखंड सेवा, यातलं एकच हाती राहतं. ॲमेझॉनने सेवा निवडली. टोपलीपुरतं ते खपून जातं. बँकेच्या खात्यातून काढलेले पैसे असे परत येऊन बसले तर?

गूगलच्या अशाच ‘बिगटेबल’ डेटाबेसवरचा निबंध २००६ चा. डायनॅमोच्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण पुढे फेसबुकमध्ये गेले आणि प्रशांत मलिक यांच्याबरोबर त्यांनी ‘कॅसँड्रा’ हा डेटाबेस घडवला. तो २००८ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या अशा डेटाबेसवरच्या एका बैठकीसाठी छोटंसं नाव हवं होतं, म्हणून ‘नोएसक्यूएल’ चिकटलं. एसक्यूएल ही रिलेशनल डेटाबेसशी बोलायची भाषा. गंमत म्हणजे १९९८ मध्ये कार्लो स्ट्रोझी यांनी हेच नाव ज्या डेटाबेसला दिलं होतं, तो चक्क रिलेशनल होता.

मोठ्या कंपन्यांच्या दारात हे लोण नेलं ते प्रामुख्याने २००९ च्या मोंगोडीबी या, प्रत्येक नोंद अख्ख्या दस्तऐवजासारखी ठेवणाऱ्या, डेटाबेसने. रकाने आधी ठरवायची गरज नाही, प्रोग्रॅममध्ये माहिती जशी असेल तशीच ठेवा, हे आमिष जबरदस्त होतं आणि फायदाही खरा होता. पण बिल मागाहून येऊ लागलं. २०१२ अखेरपर्यंत त्याचे ड्रायव्हर (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारे भाग), मुद्दाम सांगितल्याशिवाय, माहिती नीट लिहिली गेली का याची पोच घेत नसत. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्डविना इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो मोंगोडीबी खंडणीखोरांनी पुसून टाकले. दोष बसवणाऱ्यांचाही होता, हे मान्य. पण दार मुळात उघडं ठेवून कुलूप ज्याचं त्याने लावावं, असं म्हणणं मला पटत नाही. अनेक दस्तऐवज मिळून एकच ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतात, नाहीतर एकही होत नाही) करण्याची सोय २०१८ मध्ये आली. तोवर ती जबाबदारी प्रोग्रॅमरच्या डोक्यावर होती. म्हणजे डेटाबेसवर वाचलेला खर्च पगाराच्या रकान्यात जात होता, आणि खरेदीच्या वेळी तो रकाना कोणी उघडून पाहत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोंगोडीबीने परवान्याच्या अटीही कडक केल्या.

लंडनच्या ‘द गार्डियन’ने हा सगळा फेरा अनुभवला. वृत्तपत्राचा मजकूर मोंगोडीबीत होता. सपोर्टसाठी पैसे भरूनही डेटाबेस सांभाळण्याचं बरंचसं काम त्यांच्याच इंजिनिअरांना करावं लागे. शेवटी २०१८ मध्ये ते ॲमेझॉनने चालवलेल्या पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसवर गेले. लेख मात्र त्यांनी टेबलांमध्ये तोडले नाहीत. पोस्टग्रेसमध्ये २०१४ पासून जेसनबी हा, अख्खा दस्तऐवज एका रकान्यात ठेवू देणारा, प्रकार आहे. त्याच्या एका रकान्यात ते पूर्वीसारखेच अख्खे दस्तऐवज म्हणून ठेवले.