मोटारगाडी वाहतूक सेवा

मालकाने गाडी स्वतः चालवत न नेता ती भाडे देऊन ट्रेलर, रेल्वे किंवा जहाजावरून इच्छित स्थळी पोहोचवून घेण्याच्या व्यवस्थेस मोटारगाडी वाहतूक सेवा म्हणतात. कारखान्यातून विक्रेत्यांकडे जाणाऱ्या नव्या गाड्यांची घाऊक वाहतूक हा या व्यवसायाचा जुना आणि मोठा भाग होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः खाजगी मालकाच्या एकट्या गाडीचा विचार केला आहे.

या व्यवसायाचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे मोटार-उत्पादक अलेक्झांडर विंटन यांची गाड्यांची विक्री १८९८ मध्ये सुरू झाली. दूरच्या ग्राहकाकडे नवी गाडी चालवत नेली तर ती वाटेतच झिजते, ही अडचण दूर करण्यासाठी त्यांनी १८९८-९९ च्या सुमारास ओढणाऱ्या गाडीच्या मागील भागावर टेकणारा एक गाडा तयार केला व त्यावर एक मोटार चढवून नेण्याची सोय केली, असे सामान्यतः मानले जाते. काही लेखक हे श्रेय डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांच्या १९१४ मधील जोडगाड्यास देतात. परंतु तो एका लाकूड-व्यापाऱ्याची होडी नेण्यासाठी बनवलेला होता, त्यामुळे अर्ध-ट्रेलरच्या (पुढचा भाग ओढणाऱ्या गाडीवर टेकणाऱ्या गाड्याच्या) इतिहासात त्याचे स्थान मोठे असले तरी मोटार वाहतुकीपुरते विंटन यांचे अग्रत्व अधिक ग्राह्य वाटते. अर्थात एका वेळी एकच गाडी नेण्यातून किफायतशीर धंदा उभा राहणे कठीण होते. एका ट्रेलरवर तीन-चार गाड्या खाली-वर बसवण्याची रचना उत्तर अमेरिकेत साधारणतः १९३० च्या दशकात रूढ झाली आणि आजच्या व्यवसायाचा खरा पाया तोच मानणे योग्य ठरेल. सागरी वाहतुकीत केवळ मोटारींसाठी बांधलेली जहाजे १९७० च्या सुमारास आली. त्यांची क्षमता आजही १९६६ च्या टोयोटा कोरोना या गाडीच्या आकारमानाचे एकक धरून सांगितली जाते.

भाडे अंतर, गाडीचे वजन व उंची, ती चालू स्थितीत आहे की नाही आणि ट्रेलर उघडा की बंदिस्त यांवर ठरते. परतीच्या फेरीत ट्रेलर रिकामा येणार असेल तर त्याचाही भार भाड्यावर पडतो, म्हणून आडवळणाच्या गावी गाडी पाठवणे महाग असते. ज्याच्याशी बोलणी होतात तो पुष्कळदा प्रत्यक्ष वाहक नसून दलाल असतो. तो मागणी वाहकांपुढे मांडतो व एखाद्याने ती स्वीकारली की गाडी उचलली जाते. दलालाने सुरुवातीस सांगितलेला आकडा त्यामुळे अंदाजच असतो. तो फार कमी असेल तर कोणीच वाहक पुढे येत नाही आणि मालक दिवसेंदिवस ताटकळत राहतो. बिल्टीवर (वाहकाने माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर) कोणाचे नाव येणार आणि विमा कोणाचा, हे दोन प्रश्न आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विचारून घ्यावेत, कारण नुकसानीची जबाबदारी कोणाची याचा शोध त्यांच्या उत्तरापासूनच सुरू होतो.

गाडी ताब्यात देण्याचा क्षण या व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा असतो. चालक गाडीभोवती फिरून छापील आकृतीवर प्रत्येक ओरखडा, पोचा आणि काचेवरील तडा खुणेने नोंदवतो व दोघेही त्याखाली सही करतात. गाडी धुतलेली असावी, कारण धुळीखाली दडलेला ओरखडा नोंदवला जात नाही आणि पुढे तोच वादाचे मूळ ठरतो. इंधनाची टाकी पाव भरलेली असली तरी पुरते. गाडीतील सामान मात्र काढून घ्यावे, कारण वाहकाच्या विम्यात ते सहसा धरलेले नसते.

चढवताना चालक गाडी अरुंद फळ्यांवरून अगदी सावकाश वर नेतो, हँडब्रेक लावतो आणि पट्टे टायरवरून घेऊन आवळतो. चेसिस (गाडीचा सांगाडा) ओढून बांधली तर गाडीचे निलंबन (सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी स्प्रिंगांची रचना) सतत दबलेले राहते. टायर बांधले असता गाडीला आपल्या स्प्रिंगांवर हलण्यास मोकळीक मिळते. आधी उतरवायची गाडी शेवटी चढवली जाते. उघड्या ट्रेलरवर खालच्या गाडीवर वरच्या गाडीतून तेल ठिबकण्याची शक्यता असते, म्हणून जागेची निवड हाही अनुभवाचा भाग असतो. बंद पडलेली गाडी विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) ओढून घ्यावी लागते व त्याचे भाडे वेगळे असते.

वाहकाच्या दायित्वाचे नियम देशागणिक वेगळे आहेत. भारतात १८६५ च्या वाहक अधिनियमाची जागा २००७ च्या रस्ता वाहतूक अधिनियमाने घेतली. अमेरिकेत आंतरराज्य वाहतुकीत आंतरराज्य व्यापाराच्या कायद्यात १९०६ मध्ये झालेल्या, वाहकाचे दायित्व ठरवणाऱ्या कारमॅक दुरुस्तीचा आधार घेतला जातो. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतुकीच्या १९५६ च्या जिनीव्हा करारास १९७८ मध्ये जोडलेल्या पूरक करारानुसार (प्रोटोकॉल) भरपाईची मर्यादा एकूण वजनाच्या प्रतिकिलो ८.३३ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) इतकी आहे. म्हणजे १,२०० किलो वजनाची गाडी पूर्ण नष्ट झाली तर सुमारे १०,००० एकक. महागड्या गाडीस ही रक्कम अपुरी पडते, म्हणून मूल्य जाहीर करून जादा आकार भरण्याची तरतूद त्या करारात आहे. त्याच करारानुसार उघड दिसणारे नुकसान गाडी ताब्यात घेताना आणि न दिसणारे नुकसान रविवार व सुट्ट्या वगळून ७ दिवसांत लेखी कळवावे लागते. रात्री, अपुऱ्या उजेडात गाडी उतरवली गेल्यास, पाहणी पूर्ण झाली नाही असे पोचपावतीवर लिहूनच सही करणे इष्ट होय.