बेशरमची समुद्राकाठची बहीण

होळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून गुहागरला गेलो. निघताना इकडे पळस असा पेटलेला की मला वाटलं वसंत बघावा तर विदर्भातच, समुद्रावर कसली फुलं. पण पहिल्याच सकाळी पुळणीवर जांभळी-गुलाबी नरसाळी पसरलेली दिसली आणि मुलगी ओरडली, "बाबा, बेशरम!"

तिचं फारसं चुकलं नव्हतं. नाल्याकाठची आपली बेशरम, उपासाचं रताळं आणि ही मर्यादवेल, तिघी आयपोमिया घराण्यातल्या. हिचं पान मात्र आपट्यासारखं मधोमध चिरलेलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 साली हिच्या शास्त्रीय नावात 'पेस-काप्रे' घातलं, म्हणजे बकरीचा पाय. फूल सकाळी उमलतं, उन्हं चढली की मिटायला लागतं, तेवढ्या वेळात भुंगे काम उरकतात.

आम्ही उतरलो होतो तिथल्या काकू म्हणाल्या, समुद्राने शपथ घेतलीय, ही वेल तो ओलांडत नाही. ऐकायला गोड आहे, पण कारण आणि परिणाम उलटे झालेत. रोजच्या भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे वेलच तग धरत नाही, ती त्याच्या वर पसरते. वादळातल्या लाटा तिला सरळ ओलांडतात, तेव्हा कृपा करून त्या शपथेवर विसंबून राहू नका.

खरी कमाल वाळूची आहे. वाळू धुळीसारखी हवेत तरंगत नाही, कण उड्या मारत पुढे जातात, आणि बहुतेक उड्या गुडघ्याच्याही खालीच. एक कण आपटला की तो आणखी कण उडवतो. वेल नेमकी त्याच उंचीवर पसरलेली असते, पानांत वारा मंदावतो, आणि वाहून जाणारी वाळू साधारण वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग निम्मा झाला की वाळू आठव्या हिश्श्यावर येते, बाकीची तिथेच पडते. दुसरं झाड गाडलं जाऊन मेलं असतं. ही गाडली गेली की पेरापेरातून मुळं सोडते, शेंडा वर काढते, परत वाळू अडवते. किनाऱ्यावरचे वाळूचे उंचवटे असे तयार होतात. खुर्च्या टाकायला जागा हवी म्हणून ही वेल उपटतात ते बघून फार वाईट वाटतं.

मुलीने एका फांदीवरची वाळू हाताने हळूच बाजूला केली. हातभर लांबीत 7 पेरं मोजली, आणि पाचांना पांढरी मुळं फुटलेली होती. मग तिने ती वाळू परत सारून ठेवली.