बाजारातली व्हीसीडी चालते, लग्नाची सीडी अडकते, ती का?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मागेपुढे झालेल्या लग्नांच्या सीड्या अजून कपाटात जपून ठेवलेल्या आहेत. त्याच थप्पीत त्या काळी बाजारातून आणलेली अहिराणी गाण्यांची व्हीसीडीही, म्हणजे चित्रणाची व्हिडिओ सीडीही सापडते. दोन्ही लावून बघा. बहुतेक वेळा गाण्यांची चालते आणि लग्नाची अडकते. दिसायला दोन्ही सारख्याच, पण माहिती साठवायची त्यांची पद्धत मुळातच वेगळी आहे.

फिलिप्स आणि सोनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेली सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. कारखान्यात साच्यातच तिच्यावर सूक्ष्म खड्डे उमटतात. त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर आणि वर लाखेसारखं संरक्षक लेपन. खड्ड्यांची ही रांग मधून बाहेर गोल गोल फिरत जाते आणि शेजारच्या दोन वळशांत अंतर असतं १.६ मायक्रोमीटर. ७८० नॅनोमीटरचा लेझर तिच्यावरून फिरतो तेव्हा सपाट जागेवरून उजेड भरपूर परततो, खड्ड्यावरून कमी. खड्डा म्हणजे १ आणि सपाट म्हणजे ०, असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. खड्डा जिथे सुरू होतो किंवा संपतो तो काठ म्हणजे १, मधली सगळी लांबी म्हणजे शून्यं. बाजारातली व्हीसीडी अशीच साच्यातून निघते. (पायरसीची असेल तर गोष्ट वेगळी.)

फोटो स्टुडिओवाल्याला मात्र एका लग्नाच्या चार-पाच प्रतींसाठी साचा कसा परवडणार? त्याची वाट जपानच्या तायो युदेन कंपनीने १९८८ मध्ये मोकळी केली. त्यांनी चकतीवर सेंद्रिय रंगाचा थर दिला आणि त्यावर सोन्याचा थर चढवला. पुढे सोन्याच्या जागी स्वस्त चांदी आली. कोऱ्या सीडीत खड्डे नसतात, फक्त एक किंचित नागमोडी खाच आधीच कोरलेली असते. त्या नागमोडीवरूनच रायटरला, म्हणजे सीडी लिहिणाऱ्या यंत्राला, आपण कुठे आहोत आणि चकती किती वेगाने फिरवायची हे कळतं. लिहिताना लेझर वाचनापेक्षा कितीतरी पट प्रखर होतो, त्या उष्णतेने ठिपक्याएवढ्या जागेतला रंग विघटित होतो आणि तिथून उजेड कमी परततो. प्लेअरला तो खड्डाच वाटतो. जुन्या प्लेअरमध्ये काहीही न बदलता नवी चकती चालली, ती या युक्तीमुळे. मला तरी हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

एकदा जळलेला रंग पूर्ववत होत नाही, म्हणून अशी सीडी एकदाच लिहिता येते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी १९९७ मध्ये आली. तिच्यात रंगाऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचा मिश्रधातू असतो. लेझरने तो ५०० अंशांच्या वर वितळवून झटकन गार होऊ दिला की त्याचे अणू विस्कळीत राहतात आणि ती जागा मंद होते. तोच २०० अंशांच्या आसपास तापवला की अणू पुन्हा शिस्तीत बसतात, जागा उजळते, लिहिलेलं पुसलं जातं. अशा पदार्थांचं हे वागणं अमेरिकेत स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. साधारण हजार वेळा पुसता येतं, पण साच्यातली सीडी ७० टक्क्यांच्या आसपास उजेड परतवते तिथे ही जेमतेम २० टक्के. जुन्या प्लेअरना ती दिसतच नसे, त्यामुळे लग्नासाठी ती कुणी वापरली नाही.

आता आपल्या कपाटाकडे या. रंगाचे वैरी दोन, ऊन आणि उष्णता. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या खोलीतली दुपार तर विचारू नका. सीडी उलटी करून तिचा रंग पाहा. हिरवट किंवा निळसर झाक असेल तर बहुधा सायनिन नावाचा रंग, उन्हाला सर्वांत हळवा. जवळजवळ रंगहीन, फिकट सोनेरी दिसली तर थॅलोसायनिन, तो बराच टिकतो. गडद निळा असेल तर ॲझो, तोही तसा चिवट.

ओरखड्यांबद्दलही एक गैरसमज आहे. खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नवरानवरीची नावं लिहितात. पण सीडीत माहितीचा थर वरच्याच बाजूला, लेपनाच्या लगेच खाली असतो. तिथे टोक रुतलं की तो भाग गेला. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये तो थर सुरक्षित असतो.

लेखन आतून बाहेर होतं आणि झीज बहुतेकदा बाहेरच्या कडेपासून सुरू होते. हळद नीट दिसते आणि पाठवणीला चित्र गोठतं, ते यामुळे. शिवाय व्हीसीडीत जास्त चित्रण मावावं म्हणून डेटा सीडीतला चूक-दुरुस्तीचा एक जादा थर गाळलेला असतो, म्हणजे सावरायला जागा आणखी कमी.

अहिराणी गाण्यांची व्हीसीडी हजारोंनी निघाली, तिची प्रत कुठेतरी मिळेल. पण कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री घरच्या बायकांनी म्हटलेली गाणी जर कुणी कॅसेटवरून सीडीवर उतरवून घेतली असतील, तर ती तेवढ्या एकाच चकतीवर आहेत. घरच्या प्लेअरने नाकारलेली सीडी संगणकाचा ड्राइव्ह अनेकदा वाचतो, वेग कमी ठेवला तर जास्तच. व्हीसीडी असेल तर चित्रण एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमधल्या डीएटी फाइलमध्ये असतं. एका ड्राइव्हवर अडली तर दुसऱ्यावर लावून पाहावी, आणि हे काम पुढच्या उन्हाळ्याआधी उरकावं.