तोफेच्या पाठीवरून नेम?

'तोफेच्या पाठीवरून नजर लावली की दिसेल तिथे गोळा बसतो,' असं गडावर हमखास ऐकू येतं. पटण्यासारखंच आहे. पण ओतीव तोफ बुडाशी जाड, तोंडाशी निमुळती असते. आतली नळी सरळ. पाठ निशाणावर धरली की नळी वर रोखलेली राहते.

दोरीने बुडाच्या कड्याचा आणि तोंडाच्या फुगीर काठाचा घेर घ्या. समजा, १३२ आणि ८८ सेंमी भरले. २२/७ने भागल्यावर व्यास ४२ आणि २८. फरकाचं अर्धं ७ सेंमी. दोन्ही जागांमधलं अंतर २.८ मीटर असेल, तर चढ ४०ला १, म्हणजे १०० मीटरवर अडीच मीटर! तेवढ्यात गोळा जेमतेम वीतभर खाली येतो, म्हणजे माणसाच्या डोक्यावरून जातो.

म्हणून युरोपातले गोलंदाज तोंडावर त्याच ७ सेंमी उंचीची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, बसवत. मग नजर नळीला समांतर. लांबच्या माऱ्याला मात्र तो चढ उपयोगीच पडे.