थंडी भाडेकरूला, भिंत घरमालकाची

घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे लागत असतील, तर ते कुटुंब इंधन-दारिद्र्यात आहे, अशी व्याख्या ब्रिटनमध्ये अभ्यासक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये रूढ केली. पुढे मोजायच्या पद्धती बदलल्या, पण भाड्याच्या जुन्या घरांमधली थंडी काही हटली नाही.

इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या घरांच्या भिंती बहुधा सलग विटांच्या, मधे पोकळी नसलेल्या. आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असला, की अशा भिंतीच्या दर चौरस मीटरमधून साधारण २ वॉट उष्णता बाहेर जाते. बाहेर ३ अंश आणि आत १८ अंश धरा. थंडीत घरात किमान एवढं तापमान असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भिंत २० चौरस मीटरची असेल, तर ६०० वॉट झाले. दिवसभरात १४ युनिटांहून जास्त उष्णता नुसत्या एका भिंतीतून गेली! त्याच भिंतीला चांगलं उष्णतारोधक अस्तर लावलं, तर हा आकडा १०० वॉटच्या आसपास येतो.

परवडत नाही म्हणून हीटर बंद ठेवला, तर भिंत गार पडते. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना जेमतेम ९. स्वयंपाकाची, श्वासाची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ गार कोपऱ्यात पाणी होऊन बसते आणि तिथे काळी बुरशी धरते. भाडेकरूला मात्र ‘खिडक्या उघडा’ एवढंच ऐकवलं जातं. हवा खेळती हवीच, पण गार भिंतीचा दोष राहणाऱ्याच्या माथी मारणं हा अन्याय आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये २०२० साली, कमी भाड्याने घरं देणाऱ्या सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या घरात बुरशीमुळे दोन वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हा कुठे कायदा हलला.

खरी अडचण पैशांची. अस्तराचा खर्च मालकाने करायचा आणि बिल वाचणार भाडेकरूचं, मग मालक कशाला हात घालेल? म्हणून इथे कायदाच लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ पासून नव्या, तर २०२० पासून चालू खासगी भाडेकरारांनाही ऊर्जा प्रमाणपत्रात (घर ऊर्जा किती काटकसरीने वापरतं, हे सांगणाऱ्या दाखल्यात) किमान ‘ई’ श्रेणी बंधनकारक झाली. ए ते जी अशा सात श्रेण्यांत ‘ई’ पाचवी, म्हणजे अट फारच सैल. त्यातही ३,५०० पौंडांपर्यंत खर्च करून श्रेणी गाठता आली नाही, तर मालकाला या अटीतून सूट मिळू शकते. सलग विटांच्या भिंतींना अस्तर लावायला एवढ्यात काय होणार?

महाराष्ट्रातून तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी करारावर सही करण्याआधी हे प्रमाणपत्र सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून फुकट बघावं. घर बघायला गेलात, तर बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट सरकवून मागेही बघा. ओल आधी तिथेच दिसते.