केसांवरून शिशाच्या संपर्काचे मापन

डोक्याच्या केसांतील शिशाचे प्रमाण मोजून माणसाच्या शरीरात किती शिसे गेले असावे, याचा अंदाज बांधण्याची पद्धत. एक ग्रॅम केसात किती मायक्रोग्रॅम शिसे, अशा भाषेत हे प्रमाण सांगतात. यालाच पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असेही म्हणतात. या चाचणीला सुई लागत नाही आणि नमुना बर्फात ठेवावा लागत नाही. कागदी पाकिटात घातलेली बट वर्षानुवर्षे टिकते. सोय अशी मोठी असली, तरी केसात सापडलेले शिसे आतून आले की बाहेरून चिकटले, हा प्रश्न या पद्धतीच्या मागे सुरुवातीपासून लागलेला आहे आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

रक्तात शिरलेल्या शिशापैकी जवळजवळ सगळे तांबड्या पेशींत असते. रक्तातील त्याचे प्रमाण साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते. हाडांत साठलेले शिसे मात्र तिथे दशकानुदशके मुक्काम करते. त्यामुळे रक्त अलीकडचे सांगते, हाड आयुष्यभराचे. मधल्या काळाची नोंद केसात मिळेल, अशी या पद्धतीमागची कल्पना. रोमकूपाला बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. तिथे केस घडत असताना रक्तातले थोडे शिसे केरॅटिन या प्रथिनात अडकते, कारण केरॅटिनमधील सिस्टीन या अमिनो आम्लातले गंधक धातूंना घट्ट धरते. त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो, त्याचा रक्ताशी संबंध उरत नाही. केस महिन्याला सुमारे १ सेंमी वाढतो. म्हणजे टाळूलगतचे ३ सेंमी ढोबळमानाने गेल्या तीन महिन्यांचे. ढोबळमानाने एवढ्यासाठी की डोक्यावरचे सगळेच केस एका वेळी वाढत नसतात. दहापंधरा टक्के विश्रांतीत असतात.

गोची अशी की आतून आलेल्या शिशाला धरणारे गंधक बाहेरून आलेल्या शिशालाही तितक्याच आनंदाने धरते. धूळ, घाम, अंघोळीचे पाणी, केसांचे रंग, कुठूनही. पांढरे केस हळूहळू काळे करणाऱ्या काही रंगांत तर लेड ॲसिटेट हे शिशाचे संयुगच मुख्य घटक असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची परवानगी मागे घेण्याचा निर्णय २०१८ मध्ये घेतला. बॅटरी किंवा भट्टीवर काम करणाऱ्याच्या केसांत भरपूर शिसे सापडले, तर ते त्याच्या रक्तात होते की फक्त कामाच्या जागेच्या हवेत, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. एक खूण मात्र उपयोगी पडते. शिशाचे प्रमाण टाळूपासून टोकाकडे वाढत गेलेले अनेकदा दिसते. टोक जुने, म्हणजे बाहेरच्या धुळीत जास्त काळ राहिलेले. असा चढ दिसला की शिसे बाहेरचे असल्याचा संशय घ्यावा.

यावर उपाय म्हणून नमुना धुतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सुचवलेला क्रम बराच रूढ आहे: ॲसिटोन, मग तीनदा पाणी, पुन्हा ॲसिटोन. काही प्रयोगशाळा सौम्य डिटर्जंट वापरतात. पण कमी धुतले तर बाहेरचे शिसे राहते आणि जास्त धुतले तर आतलेही निघून जाते. नेमके बाहेरचेच काढणारी धुण्याची रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. धुण्याच्या रीती वेगवेगळ्या असल्याने दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणेही धोक्याचे ठरते.

नमुना बहुधा डोक्याच्या मागच्या बाजूने, मानेच्या वरून घेतात. बट टाळूलगत कापून कोणते टोक मुळाकडचे, ते दोऱ्याने बांधून दाखवतात. ही खूण करायची राहून गेली तर लांबीनुसार वाचन करण्याची संधी गेलीच. धुऊन वाळवलेला केस तोलून नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि द्रावण ग्रॅफाइट भट्टीच्या अणुशोषण यंत्रात किंवा आयसीपी-एमएसवर, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. ४ पीपीएमचा ०.२ ग्रॅम केस घेतला तर त्यात शिसे असते अवघे ०.८ मायक्रोग्रॅम. इतक्या बारीक मापात भांड्यावरची धूळही गोंधळ घालू शकते. म्हणून प्रमाण ठाऊक असलेली संदर्भ केसपूड प्रत्येक खेपेला सोबत मोजतात. लेसरने एकाच केसावर मुळाकडून टोकाकडे जात मोजण्याची सोयही आता आहे.

शिशाची दीर्घकालीन विषबाधा झालेल्या मुलांच्या केसांवरचे काम अमेरिकेत १९६७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही एका जिवंत माणसाचे निदान करायचे तर आजही शिरेतून घेतलेले रक्तच प्रमाण मानतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मुलांसाठी ठेवलेले संदर्भमूल्य २०२१ पासून दर डेसिलीटरला ३.५ मायक्रोग्रॅम आहे. केसांसाठी असा सर्वमान्य आकडा नाही. २००१ मध्ये एका निरोगी व्यक्तीचे केस वाटून सहा व्यावसायिक प्रयोगशाळांना पाठवले, तेव्हा अनेक मूलद्रव्यांचे निकाल एकमेकांपासून दहापटीहून जास्त दूर आले. अशा अहवालावर विसंबून शिसे बाहेर काढणारी कीलेशनची औषधे घेणे ही सरळसरळ जोखीम आहे. चुकीचे औषध दिले गेल्यास रक्तातले कॅल्शियम जिवावर बेतेल इतके उतरते. मोठ्या गटांची तुलना करायची असेल, एखाद्या कारखान्याजवळची वस्ती आणि दूरची वस्ती ताडून पाहायची असेल, तर केस कामाचे आहेत. तिथे बाहेरचे शिसे हीदेखील माहितीच असते.

रक्त मिळणे शक्यच नाही अशा ठिकाणी केसांना खरा भाव येतो. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन फ्रँकलिन याच्या १८४५ मध्ये निघालेल्या आर्क्टिक मोहिमेतील खलाशांची गोठलेली शवे १९८० च्या दशकात उकरली, तेव्हा केसांतही भरपूर शिसे निघाले. हाडांतले शिसे मोहिमेआधीचे असू शकते, पण केस शेवटच्या महिन्यांतले. म्हणून हा पुरावा वजनदार ठरला. मोहिमेचा असा अंत होण्यात शिशाचा वाटा किती, यावर मात्र वाद आहे.

जर्मन संगीतकार बेथोव्हेनची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याची मानल्या गेलेल्या एका बटेत खूप शिसे असल्याचे २००० मध्ये जाहीर झाले आणि शिशाने त्याचा घात केला, असे सगळीकडे छापून आले. २०२३ मध्ये जनुकीय तपासणीत ती बट एका बाईची निघाली. मग ज्या बटा त्याच्याच असल्याचे जनुकांवरून ठरले, त्यांतल्या दोन २०२४ मध्ये मोजल्या: २५८ आणि ३८० पीपीएम. त्या अभ्यासात ४ पीपीएमपर्यंतचे प्रमाण सामान्य धरले होते. संशोधकांनी त्यावरून त्याच्या रक्तातले शिसे दर डेसिलीटरला ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास काढले. पोटाच्या तक्रारी आणि बहिरेपणाला ते हातभार लावू शकले असते, पण एवढ्याने तो मेला असे म्हणता येत नाही, असे त्यांनी लिहिले.