‘स्थानिक’ या शब्दाभोवती फिरत राहिलेला गोव्याचा कामगार-प्रश्न

माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर टिकत नाहीत, अशी गोव्यातील कारखानदारांची आणि हॉटेलवाल्यांची तक्रार आहे. शिकलेल्या मुलाला गोव्यात काम नाही, अशी घरोघरच्या आईवडिलांची. दोन्ही तक्रारी अनेक वर्षे एकाच वेळी केल्या जात आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

1961च्या मुक्तीपूर्वीचा, पोर्तुगीज राजवटीतला गोवा माणसे बाहेर धाडणारा होता. मुंबईतील कूड, म्हणजे गावागावांच्या लोकांनी चालवलेली राहण्याची ठिकाणे, आणि बोटीवर जाणारे तारवटी ही त्या काळाची ओळख. 1940च्या दशकाच्या अखेरीस लोहखनिजाची निर्यात सुरू झाली आणि खाणींवर घाटावरून मजूर येऊ लागले, पण ओघ खऱ्या अर्थाने वाढला तो 1961 नंतर. रस्ते, शाळा, कार्यालये, बंदर आणि वस्ती असे सारे एकदम उभे राहू लागले. सुमारे 5.90 लाख लोकसंख्या 1971 पर्यंत 7.95 लाखांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ 35 टक्क्यांची वाढ झाली. याच काळात आखाताची वाट खुली झाली आणि पुढे पोर्तुगीज पासपोर्टच्या आधारे युरोपची. एका दाराने माणसे येत होती, दुसऱ्याने जात होती. 2001 ते 2011 या दशकात वाढीचा दर साधारण 8 टक्क्यांवर उतरला, तरी बाहेरून माणसे आणावी लागण्याची गरज संपली नाही.

पुढच्या सगळ्या वादाचे मूळ मात्र ‘स्थानिक’ या शब्दात आहे. सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा मामलेदार कार्यालयाचा दाखला लागतो आणि जाहिरातीत कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे इष्ट असे लिहिलेले असते. खाजगी उद्योगांच्या बाबतीत औद्योगिक धोरणांतून, सवलतींच्या अटींतून आणि विधानसभेतील आश्वासनांतून 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याचा आकडा फिरत राहिला. पण हा आकडा मोजायचा कसा? कायम कामगारांवर, की ठेकेदारामार्फत घेतलेल्यांनाही धरून? वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मोठे काम ठेकेदाराच्या हजेरीपटावर चालत असेल, तर कंपनीच्या स्वतःच्या पटावरचे प्रमाण कितीही चांगले दिसले तरी त्यातून फारसे काही कळत नाही. माझ्या मते आकड्यावर जेवढी चर्चा झाली, तिच्या निम्मी जरी ठेका पद्धतीवर झाली असती तरी गोमंतकीय तरुण कारखान्याकडे पाठ का फिरवतो हे उघड झाले असते. अकरा महिन्यांच्या करारावर वर्षानुवर्षे राबण्यापेक्षा तो जहाजावर जाणे पसंत करतो, आणि त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. सक्तीच्या कायद्याची मागणीही अधूनमधून होते. परंतु हरियाणाचा 75 टक्के आरक्षणाचा कायदा तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द केल्याने ती वाट किती अवघड आहे हे स्पष्ट झाले.

हाच शब्द 2021 मध्ये वेगळ्या रूपात समोर आला. त्या वर्षी 30 जुलैला, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, विधानसभेने भूमिपुत्रांसंबंधीचे एक विधेयक संमत केले. 1 एप्रिल 2019 पूर्वी बांधलेल्या, 250 चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी त्यात राहणाऱ्याला मिळावी, ही त्यातील मुख्य तरतूद होती आणि त्यासाठी तीस वर्षे राज्यात राहणाऱ्याला ‘भूमिपुत्र’ म्हटले गेले. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना हे साहजिकच खुपले, कारण ज्यांनी ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली त्यांचे नाव वास्तव्याच्या हिशेबाने दुसऱ्याला बहाल होत होते. विरोध वाढला, नावातून तो शब्द वगळण्याची घोषणा झाली आणि विधेयकाचा कायदा झालाच नाही. आक्षेप योग्यच होता, असे मला वाटते. मात्र त्या गदारोळात मूळ मुद्दा मागे पडला: येथे वीस-पंचवीस वर्षे राबणाऱ्याने राहायचे कोठे? झुआरीनगरसारख्या वस्तीत एका खोलीत पाच-सहा जण भाड्याने राहतात, पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच चटईवर अंग टाकतो, आणि अशा खोलीत बायकामुलांना आणता येत नाही म्हणून चार-पाच वर्षांनी शिकून तयार झालेला कामगार गावी परततो. कामगार टिकत नाही याचे एक मोठे कारण ही खोली आहे.

दरम्यान खाणींचा आधारही गेला. सप्टेंबर 2012 मध्ये खाणकाम थांबले, मधल्या काळात मर्यादेने सुरू झाले आणि न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडले. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकचे मालक, चालक आणि बार्जवरचे खलाशी रिकामे झाले. स्वतःच्या ट्रकवर हप्ता फेडून घर चालवणारा माणूस औद्योगिक वसाहतीतील ठेक्याच्या पगारावर जाईल, ही अपेक्षाच चुकीची होती. ती जागा दोडामार्ग, बांदा आणि सावंतवाडीहून रोज दुचाकीने येणाऱ्यांनी भरली. त्यांचे घर सीमेपलीकडे असल्याने खोलीचा प्रश्न त्यांना पडत नाही. करोनाच्या टाळेबंदीत पत्रादेवीच्या सीमानाक्यावर ते अडकले, तेव्हा आपले किती काम त्यांच्यावर चालते हे कळले.

मासेमारीत तर ही गोष्ट दरवर्षी दिसते. पावसाळ्यातील मासेमारीवरची 61 दिवसांची बंदी 31 जुलैला संपते, तरी कुटबण आणि मालीमच्या जेटीवर अनेक ट्रॉलर दोरखंडाला बांधलेलेच असतात, बर्फाची आणि डिझेलची सोय झालेली असूनही. कारण उचल घेऊन गावी गेलेले झारखंड-ओडिशाचे खलाशी अजून परतलेले नसतात.